कमी खर्चातील चित्रपट : प्रकार कोणता निवडावा?



चित्रपटाची दोन मिनिटांची सुरुवात तयार करायची म्हटले की सुरतेतल्या मराठी मुलांना १६६४ सालची शिवरायांची सुरतेवरील स्वारी आठवणे साहजिक आहे. विषय उत्तम, पण घोडे आणि तटबंदी आणायची कुठून? पुठ्ठ्याच्या तलवारी पडद्यावर लगेच ओळखू येतात. भाड्याच्या पोशाखांचा खर्च पालकांवर पडतो, तो वेगळाच.

म्हणून आपल्याजवळ काय आहे ते आधी पाहावे, मग प्रकार ठरवावा. दादासाहेब फाळके यांनी तेच केले. १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी प्रथम कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी चित्रित केली. अनेक दिवसांची वाढ मिनिटभरात पाहून भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला. त्यानंतर, १९१३ मध्ये, 'राजा हरिश्चंद्र' आला.

शाळेत रिकामे वर्ग, लांब व्हरांडा, जिना आणि घंटा आहे. एवढ्यात रहस्यपट साधतो. शाळा सुटली आहे, वर्गाला कुलूप आहे आणि आतून फळ्यावर खडू चालल्याचा आवाज येतो. रहस्यात न दाखवलेली गोष्टच प्रेक्षकाला धरून ठेवते, आणि तिला खर्च नसतो. विनोदी प्रकारही स्वस्त असतो, पण त्यात वाक्य नेमक्या क्षणी यावे लागते. त्यासाठी तालीम भरपूर हवी.

काम झाल्यावर ते दुसऱ्या वर्गातील मुलांना दाखवा. अर्ध्या मिनिटात त्यांनी प्रकार ओळखला, तर निवड योग्य समजावी. सुरतेची स्वारीही पुढे जरूर करू. आधी कुंडीतले रोप वाढू द्या.