समुद्रतळाची शिल्लक मोजणारी संस्था

चिंचोळी एमआयडीसीतील एखाद्या कारखान्यात मार्चअखेरीस गोदामाची शिल्लक मोजली जाते, तेव्हा मोजणाऱ्याला तीन गोष्टी अनुकूल असतात : माल जागचा हलत नाही, तो डोळ्यांना दिसतो, आणि मोजणी चालू असेतोवर गोदामाचे दार बंद ठेवता येते. अरबी समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या माशांची शिल्लक मोजू पाहणाऱ्याला यांपैकी एकही सवलत नाही. त्याचा माल अहोरात्र फिरता आहे, तीस-चाळीस वाव पाण्याखाली अदृश्य आहे, जन्ममृत्यूमुळे घटकेघटकेला वाढत आणि घटत आहे, आणि मोजणी चालू असतानाच हजारो नौका तो उचलून नेत आहेत. तरीही ही मोजदाद गेली पाऊणशे वर्षे होत आली आहे, आणि ती करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचे मुख्यालय मुंबईत, कुलाब्याच्या ससून गोदीपाशी आहे. ‘भारतीय मात्स्यिकी सर्वेक्षण’ हे तिचे नाव. मासे खाणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते ऐकले असेल.

या संस्थेचा जन्म निराळ्याच हेतूने झाला. मुंबई सरकारने १९२१-२२ साली ‘विल्यम कॅरिक’ नावाची वाफेवर चालणारी ट्रॉलर नौका मुंबईसमोरच्या समुद्रात फिरवून तळाच्या माशांचा ठाव घेऊन पाहिला होता. परंतु तो उपक्रम फार काळ टिकला नाही. पुढे दुसरे महायुद्ध आणि बंगालचा दुष्काळ यांनी अन्नटंचाईचा प्रश्न ऐरणीवर आणला, आणि खोल समुद्रातील मासळी देशाच्या अन्नात भर घालू शकेल काय, हे पाहण्यासाठी १९४६ साली मुंबईत ‘डीप सी फिशिंग स्टेशन’ या नावाने एक प्रायोगिक केंद्र उघडण्यात आले. नवी मत्स्यक्षेत्रे शोधावीत, कोणते जाळे कोठे चालते ते पाहावे, खलाशांना शिक्षण द्यावे, आणि एकंदरीत अधिक मासे धरण्याचा मार्ग मोकळा करावा, अशी त्याची कामगिरी होती. १९७४ साली त्याचा विस्तार होऊन ते समन्वेषी मात्स्यिकी प्रकल्प बनले; १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या अनन्य आर्थिक क्षेत्राची, म्हणजे सुमारे वीस लाख चौरस किलोमीटर पाण्याची, जबाबदारी देशाकडे आली; आणि १९८३ साली या प्रकल्पाला राष्ट्रीय संस्थेचा दर्जा व आजचे नाव मिळाले.

प्रारंभीच्या वर्षांत ‘अशोक’ आणि ‘प्रताप’ या जोडनौका एकच जाळे दोघींच्या मध्ये धरून मुंबई आणि सौराष्ट्राच्या समुद्रात ओढीत. ‘तैयो मारू’ या जपानी ट्रॉलरनेही १९५० नंतरच्या वर्षांत याच पाण्यात मासेमारी केली. मुंबईसमोर समुद्रबूड जमीन सुमारे तीनशे किलोमीटरपर्यंत उथळ पसरलेली आहे. पश्चिम किनाऱ्यावर इतका रुंद तळ अन्यत्र नाही, आणि त्या चिखलवट पठारावर घोळ, दाढा, कोथ, वाम, शिंगाळा, पाखट अशी थोराड मासळी नांदत होती. त्या काळी नौकेवरच्या नोंदवहीत हीच नावे वजनासह भरली जात. ती पाने आज अनमोल ठरली आहेत, कारण यांत्रिक मासेमारीचा सुकाळ होण्यापूर्वी तळावर काय होते, याची दुसरी लेखी साक्ष फारशी उपलब्ध नाही.

आता प्रत्यक्ष मोजणीची रीत पाहू. संस्था समुद्राचे अक्षांश-रेखांशांनुसार एक अंशाचे चौरस पाडते, आणि अशा प्रत्येक चौरसाचे दहा-दहा कलांचे छत्तीस उपविभाग करते. मुंबई तळावरील ‘मत्स्य निरीक्षणी’सारखी नौका नेमून दिलेल्या उपविभागात जाऊन तळाचे जाळे सोडते. शंकूच्या आकाराच्या या जाळ्याचे तोंड दोन बाजूंच्या जड फळ्या पाण्याच्या दाबाने फाकवून धरतात, आणि मासे मागच्या खोल्यात, म्हणजे जाळ्याच्या शेवटच्या पिशवीत, साचतात. तोंडाची रुंदी वीस मीटर, नौकेची गती ताशी तीन सागरी मैल आणि ओढण्याचा अवधी एक तास धरला, तर जाळे तळाचा साडेपाच किलोमीटर लांबीचा पट्टा, म्हणजे सुमारे अकरा हेक्टर क्षेत्र, झाडून काढते. त्यात शंभर किलो मासळी आली आणि वाटेतील निम्मी निसटली असे मानले, तर त्या ठिकाणी दर चौरस किलोमीटरला सुमारे १.८ टन मासळी होती, असा हिशेब निघतो. अशा शेकडो ओढींची सरासरी काढून, खोलीच्या पट्ट्यांनुसार तिला एकंदर क्षेत्रफळाने गुणले की साठ्याचा अंदाज हाती येतो.

हा त्रैराशिकाचा हिशेब शाळकरी मुलालाही जमेल. कठीण आहे ती त्यामागची शिस्त. धंद्याची नौका जेथे मासे आहेत तेथे जाते आणि रिकाम्या पाण्याकडे पाठ फिरवते. सर्वेक्षणाच्या नौकेला मात्र जेथे काही मिळणार नाही अशी तांडेलाची खात्री आहे, तेथेही तेच जाळे, त्याच गतीने, तितकाच वेळ ओढावे लागते, आणि खोल्यात चिखलावाचून काही आले नाही तर ते शून्यही तितक्याच काळजीने दप्तरी नोंदवावे लागते. शून्ये गाळली, तर सरासरी फुगते आणि समुद्र आहे त्याहून श्रीमंत भासतो. त्या भासावर दिलेले परवाने पुढच्या पिढीच्या ताटातून वसूल होतात.

या रीतीला मर्यादाही आहेत, आणि जाणकार त्या झाकीत नाहीत. किती मासे जाळ्यातून निसटले, हे कोणालाही निश्चित सांगता येत नाही. कोणी निम्मे धरतो, कोणी मुळीच नाहीत असे धरतो, आणि तेवढ्या एका गृहीतकाने साठ्याचा आकडा दुप्पट किंवा निम्मा होतो. खडकाळ तळावर जाळे फाटते म्हणून तेथे ते सोडताच येत नाही, आणि हेकरू नेमका खडकांतच राहतो. शिवाय पावसाळ्याच्या अखेरीस प्राणवायू क्षीण झालेले खोल पाणी पश्चिम किनाऱ्याच्या तळावर चढते आणि तळाचे मासे त्यापुढे किनाऱ्याकडे सरकतात. तेव्हा सप्टेंबरातील ओढ आणि फेब्रुवारीतील ओढ यांची तुलना ऋतुभेद ध्यानात न घेता करणे, ही शुद्ध फसगत होय.

म्हणूनच समुद्रातील मोजणीला बंदरावरील मोजणीची जोड लागते. १९४७ साली स्थापन झालेली केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्था हे दुसरे अंग सांभाळते. तिचे कर्मचारी ससून गोदी, भाऊचा धक्का, सातपाटी, हर्णै, मिरकरवाडा अशा उतारकेंद्रांवर यादृच्छिक पद्धतीने नेमलेल्या दिवशी जाऊन नौकांची पकड नोंदवतात आणि माशांची लांबी मोजतात. थंड समुद्रातील माशाचे वय त्याच्या कानातील अस्थिखड्यावरील वलयांवरून वाचता येते; आपल्या उष्ण पाण्यात ती वलये बहुधा अस्पष्ट असतात, म्हणून महिन्यामागून महिना घेतलेल्या लांबीच्या मोजमापांवरून वाढीचा वेग आणि मृत्यूचे प्रमाण काढावे लागते. ढोम्याची किंवा राणी माशाची सरासरी लांबी वर्षानुवर्षे घटत असेल, तर टोपल्या भरलेल्या दिसत असूनही मुद्दल खाल्ले जात आहे, असा त्याचा अर्थ.

अधिक मासे धरण्यासाठी जन्मलेल्या संस्थेची भूमिका या हिशेबानेच हळूहळू पालटली. घोळ, दाढा आणि कोथ यांची जुन्या नोंदवह्यांतील रेलचेल आज उरलेली नाही. घोळीच्या बोताला, म्हणजे तिच्या पोटातील हवेच्या पिशवीला, सोन्याचे मोल येते, ते काही अंशी तिच्या दुर्मिळतेचेही मोल आहे. शिंगाळ्याची कहाणी अधिक बोधप्रद आहे. या माशाची मादी थोडीच, पण मोठी अंडी घालते, आणि नर ती पिले होईपर्यंत तोंडात सांभाळतो. १९८० च्या सुमारास कर्नाटकाच्या किनाऱ्यावर थव्याला वेढा घालणाऱ्या पर्ससीन जाळ्यांनी अंडी तोंडात धरलेल्या नरांचे थवेच्या थवे उचलले, आणि त्यानंतर तेथील शिंगाळ्याची पकड कोसळली. ज्या जातीची संतती अशी मोजकी असते तिला थोडा अतिरेकही सोसत नाही, हे संशोधकांनी त्या वेळीच लिहून ठेवले होते.

लिहिलेल्याचा हुकूम व्हायला मात्र कालावधी लागतो. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी एकसष्ट दिवसांची एकसमान बंदी २०१५ पासूनची. आणि याच सर्वेक्षण संस्थेचे माजी महासंचालक डॉ. व्ही. एस. सोमवंशी यांच्या समितीने पर्ससीन मासेमारीविषयी दिलेल्या अहवालाच्या आधारे राज्य शासनाने त्या मासेमारीवर निर्बंध घातले, ते फेब्रुवारी २०१६ मध्ये. तळाच्या जाळ्याच्या खोल्याला चाळीस मिलिमीटरचे चौकोनी आस (जाळ्याची छिद्रे) असावेत, म्हणजे पिले निसटतील, ही शिफारसही जुनीच आहे. नियम कागदावर उतरला तरी तो धक्क्यावर उतरेलच असे नाही, कारण एकाने मोठा आस वापरला आणि शेजाऱ्याने बारीक, तर सोडलेली पिले शेजाऱ्याच्याच टोपलीत जातात.

चित्र सर्वस्वी काळे नाही. केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने २०२२ साली देशभरातील १३५ साठे तपासले, तेव्हा त्यांतील ९१.१ टक्के सुस्थितीत आढळले. हा आकडा दिलासा देणारा आहे. परंतु तो आजच्या साठ्याची आजच्या कसोटीवर केलेली पारख आहे, १९५० च्या समुद्राशी केलेली तुलना नव्हे, हे भान सुटता कामा नये. तसे भान देणारी सामग्री, म्हणजे जुन्या ओढींच्या नोंदी, आपल्या दप्तरांत आहे, ही आपली जमेची बाजू.

या सर्व उद्योगाचे मोल अखेरीस एकाच गोष्टीवर ठरेल : मोजणाऱ्याचा आकडा धरणाऱ्याच्या कानी त्याच्या भाषेत पोहोचतो की नाही. किनाऱ्यावरील प्रत्येक मच्छीमार सहकारी संस्थेच्या फलकावर, मोसम सुरू होण्यापूर्वी, कोणत्या वावेत कोणत्या मासळीची शिल्लक किती आणि गतवर्षीपेक्षा ती वाढली की घटली, एवढे चार ओळींत, घोळ, कोथ, शिंगाळा याच नावांनी, मराठीतून लिहिले जावे. समुद्रातली मासळी सर्वांची सामाईक ठेव आहे, आणि सामाईक ठेवीचा ताळेबंद सर्व हिस्सेदारांना दाखवणे हे जमाखर्च ठेवणाऱ्याचे पहिले कर्तव्य आहे.