आधी आरसी, मग पलंग

सकाळी ७

रात्रभर पाऊस लागून राहिला की सकाळी पहिलं काम गळती शोधायचं. जुन्या हायवेला कामशेतजवळ माझी बस-बॉडीची शेड. बाहेर सध्या एक पिवळी स्कूल बस उभी आहे, मुद्दाम उघड्यावर. पोऱ्या आत खडू घेऊन फिरतो आणि थेंब येतो तिथे खूण करतो. आज छताच्या सांध्यावर, मागच्या काचेच्या रबरापाशी आणि जुन्या कॅरिअरच्या बोल्टांच्या भोकांखाली खुणा झाल्या. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो. तळेगावच्या अंगाला येईपर्यंत तो बराच ओसरतो. बसचं घर करायला निघालेल्या नवख्यांना माझं सांगणं असतं की बस उन्हाळ्यात घ्या, पण एक पाऊस अंगावर काढल्याशिवाय आतल्या भिंतींना हात लावू नका. नळी मारून सगळी गळती सापडत नाही. वाऱ्यासोबत आडवा येणारा पाऊसच ती दाखवतो.

साडेआठ

"काका, पलंग आडवा टाकायचा की उभा?"

हिंजवडीत नोकरी करणारं जोडपं आहे. मोबाइलवर अमेरिकेतल्या बसघरांचे फोटो, लाकडी भिंती, खिडकीत कुंड्या.

"आरसी आणलीत का?"

आणली नव्हती. बस पसंत होती, इसार द्यायचा होता आणि आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, विकणाऱ्याकडेच होतं. मग पलंग बाजूला ठेवून अर्धा तास कागदांवर बोललो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. उत्पादकाने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने परस्पर करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२अ नुसार असा बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन’ हा प्रकार आपल्याकडच्या वाहनांच्या यादीत आहे, म्हणजे रस्ता बंद नाही. पण स्कूल बस ही परवान्यावर चालणारी प्रवासी गाडी. तो परवाना सोडवणं, गाडीचा प्रकार बदलणं, आसनसंख्या आणि रंग नव्याने नोंदवणं, विमा कंपनीला कळवणं, हे सगळं पत्रा कापायच्या आधी. मावळातली गाडी असेल तर एमएच-१४, म्हणजे पिंपरी-चिंचवडचं आरटीओ. तिथे आराखडा दाखवा, काय चालेल ते लेखी घ्या आणि मगच इसार द्या.

"एजंट म्हणाला, काम झाल्यावर पासिंग करून देतो."

एजंट असंच म्हणतो. उद्या गाडी अडवली तर तो फोन उचलेल का, एवढं त्याला विचारून बघा.

दहा

तळेगावच्या बाजूला वजनकाट्यावर. दुसऱ्या एका मालकाची बस, सीटा काढलेली. आरसीवर दोन वजनं असतात, रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं. तुमचं अख्खं घर या दोन आकड्यांच्या फरकात बसायला हवं. हा हिशेब नवखा कधीच करत नाही. अठरा मिलिमीटरच्या आठ बाय चार प्लायचं वजन पस्तीस किलोच्या आसपास. अशा दहा शीट लावल्या की साडेतीनशे किलो तिथेच गेले. दोनशे लिटरची टाकी भरली की आणखी दोनशे. त्यात टाकी, बॅटऱ्या आणि ओटा असं सगळं एकाच बाजूला आलं की गाडी त्या अंगाला बसते आणि पाटे लवकर जातात. सपाटीला हे जाणवत नाही. बोरघाट उतरताना ब्रेक तापले की जाणवतं. मी मालकाला चारही चाकांवरचा भार वेगवेगळा मोजून घ्यायला लावला. त्यांना तो वेळेचा अपव्यय वाटला.

बारा

सीटांखालची मॅट उचलली. खाली प्लाय कुजलेला, त्याखाली गंज. बोल्ट फिरेनात म्हणून ग्राइंडर लावला. फरशीखाली काय निघेल ते आधी सांगता येत नाही, म्हणून फरशी उघडण्याआधी खर्चाचा आकडा देणाऱ्या कारागिरावर माझा विश्वास नाही. गंज घासून काढायचा, एपॉक्सी प्रायमर मारायचा, मग पुढचं. उष्णता अडवायला लोक स्वस्तातली ग्लासवूल भरतात. आपल्या हवेत ती ओल धरून ठेवते आणि पत्रा आतून सडतो. बंद पेशींचा फोम महाग पडतो, पण पाणी पीत नाही.

जुने पाइप, खिडक्या, बिजागऱ्या कुठे मिळतील असं कोणी विचारलं की मी पूर्वी चिखलीजवळच्या कुदळवाडीला पाठवायचो. २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने तिथली भंगाराची दुकानं पाडली. आता चौकशी करत फिरावं लागतं.

अडीच

जेवण, इंद्रायणीचा भात आणि आमटी. मग वायरिंग.

मोठ्या बसमध्ये बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्ट केलेले असतात. पंखा आणि दिवे बाराचे म्हणून नवखा मधल्या जोडावरून वायर काढतो. एक बॅटरी रोज उतरते, दुसरी जास्त चार्ज होते, आणि थोड्या दिवसांत दोन्ही जातात. घराची बॅटरी वेगळी ठेवा, ती गाडीच्या अल्टरनेटरवरून कन्व्हर्टर लावून भरा आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवा. फक्त सोलरच्या भरवशावर फ्रिज चालवायचा बेत असेल, तर जुलैत लोणावळ्यात आठवडाभर राहून बघा. ऊन दिसलं तर मला फोन करा.

चार

फोन वाजतो. "दादा, पवनेच्या काठाला बस कायमची उभी केली तर?"

जमीन कोणाची आहे? धरणालगत पाटबंधारे खात्याची जमीन आहे, वर शेतकऱ्यांची. मालकाला विचारा, ग्रामपंचायतीत कळवा. राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ पासून आहे, पण त्याने कोणाचं शेत तुमच्या तळासाठी मोकळं होत नाही. भातखाचराच्या कडेला मोठी बस लावलीत तर ट्रॅक्टर शोधत फिराल. आणि संडास? पवनेचं पाणी पुढे रावेतला उचलून पिंपरी-चिंचवडला प्यायला जातं. पलीकडचा माणूस गप्प झाला. तो राहायला चिंचवडलाच होता.

साडेपाच

सकाळचं जोडपं परत आलं. आराखडा काढून आणला होता, चांगला काढला होता. पलंग मागच्या आपत्कालीन दाराला टेकून. नवख्यांच्या दहातल्या आठ आराखड्यांत तो तिथेच असतो, कारण जागा तिथेच मिळते. मी म्हटलं, गॅस पुढे, झोप मागे आणि मागचं दार बंद. आग लागली तर कुठून निघाल? एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी, गाडीबाहेर उघडणारी जाळी हवी. त्या बाई लगेच पेन काढून पलंग खोडायला लागल्या. नवरा म्हणाला, "मग झोपायचं कुठे?" त्यावर दोघांचं चाललं होतं तोवर मी शटरला हात घातला.

सात

शेड बंद. उद्या यायचं असेल त्यांनी आरसीची झेरॉक्स आणि वजनकाट्याची पावती आणावी, फोटो नाही आणले तरी चालतील. आणि रविवारी येऊ नका. लोणावळ्याच्या गर्दीत तुम्ही कामशेतला पोचेपर्यंत मी जेवायला गेलेला असतो.