मराठी संख्यानामे आणि स्थानिक किंमतीचे अध्यापन

७२ या संख्येत ७ हा अंक सात दाखवीत नाही, सत्तर दाखवितो. त्याला ही किंमत त्याच्या आकृतीमुळे नव्हे, तर त्याच्या स्थानामुळे प्राप्त होते. प्रौढांना ही गोष्ट इतकी अंगवळणी पडलेली असते की, तीत काही शिकण्यासारखे आहे याचाच त्यांना विसर पडतो. सहा-सात वर्षांच्या मुलाला मात्र येथे एकाच वेळी तीन गोष्टींचा मेळ घालावयाचा असतो : समोर असलेला वस्तूंचा समूह, त्या समूहाचे उच्चारलेले नाव आणि पाटीवर लिहिलेले अंक. मराठी मुलाच्या बाबतीत या तिघांपैकी नाव हे उरलेल्या दोहोंशी सरळ जुळत नाही. काड्या, मणी, चिंचोके इत्यादी साधनांचा वर्गात जो उपयोग करावयाचा, त्याचे प्रयोजन या विसंगतीच्या संदर्भात पाहिले म्हणजे अधिक स्पष्ट होते.

प्रथम नावांची घडण पाहू. अकरापासून नव्याण्णवपर्यंतच्या मराठी संख्यानामांत एकक आधी येतो व दशक मागाहून. ‘बाहत्तर’ या शब्दात दोन आधी ऐकू येतात आणि सत्तर नंतर. लिहिताना मात्र ७ आधी व २ नंतर. ऐकलेल्या क्रमाने लिहिणारे मूल बाहत्तरचे २७ करते. ही चूक निष्काळजीपणाची नव्हे. आपल्या भाषेशी ते मूल प्रामाणिक राहिले, एवढाच तिचा अर्थ. शंभराच्या पुढे तर गुंतागुंत आणखी वाढते. ‘एकशे बाहत्तर’ म्हणताना शतक प्रथम, एकक त्यानंतर आणि दशक शेवटी, असा क्रम होतो.

दुसरी अडचण ध्वनिपरिवर्तनाची आहे. संस्कृतातील सामासिक संख्यानामे प्राकृतातून मराठीत येताना इतकी झिजली की, त्यांचे घटक आज सहज ओळखू येत नाहीत. ‘दोन’ हा शब्द शिकलेल्या मुलाला बावीस, बत्तीस, बेचाळीस, ब्याऐंशी यांत तो कोठेच आढळत नाही; आढळतात ती बा, ब, बे, ब्या अशी बदलती रूपे. दशकांचीही तीच स्थिती आहे. सत्तरचे ‘हत्तर’, साठचे ‘सष्ट’, पन्नासचे ‘वन्न’ किंवा ‘पन्न’, नव्वदचे ‘ण्णव’ असे रूपांतर होते. परिणामी शंभरपर्यंतची बहुतेक नावे मुलाला सुटी सुटी पाठ करावी लागतात.

तिसरी अडचण ‘एकोण’ या घटकाची. एकोणीस, एकोणतीस येथपासून एकोणनव्वदपर्यंतची आठ नावे वजाबाकीवर उभी आहेत : एकाने उणे वीस, एकाने उणे तीस. ‘नव्याण्णव’ तेवढे या रीतीला अपवाद आहे. ‘एकोणचाळीस’ या शब्दात मुलाच्या कानावर चाळीस पडतात, पण दशकस्थानी लिहावे लागतात ३. यास्तव त्याने ४९ लिहिल्यास त्यात आश्चर्य नाही.

सर्व भाषांत अशी स्थिती नाही. शेजारच्या कन्नड व तेलुगू भाषांत वीसच्या पुढे दशक आधी व एकक नंतर उच्चारला जातो. सोलापूर भागात घरी कन्नड किंवा तेलुगू बोलणारे मूल मराठी शाळेत येते तेव्हा त्याला केवळ नवे शब्द नव्हे, नवा क्रमही आत्मसात करावा लागतो. चिनी भाषेत बाहत्तर म्हणजे ‘सात दहा दोन’. तेथे नाव हेच संख्येचे विस्तारित रूप होय. आयरीन मिउरा व त्यांचे सहकारी यांनी १९८०च्या दशकात केलेल्या अभ्यासांत असे दिसून आले की, चिनी, जपानी व कोरियन बोलणारी पहिलीतील मुले ४२ ही संख्या ठोकळ्यांनी मांडताना बहुधा दहाचे चार दांडे व दोन सुटे ठोकळे घेत, तर इंग्रजी बोलणारी अमेरिकन मुले पुष्कळदा बेचाळीस सुटे ठोकळे मोजीत बसत. या फरकात घर व शाळा यांचाही वाटा असू शकतो. तथापि भाषेची रचना संख्येच्या आकलनास साहाय्य किंवा अडथळा करू शकते, ही शक्यता त्यातून पुढे येते.

आता साधनांकडे वळू. आरंभी मुलाने सुट्या काड्या मोजाव्यात, दहा झाल्या की स्वतःच्या हाताने दोरा बांधून गठ्ठा करावा आणि दहा गठ्ठ्यांचा एक भारा बांधावा. तयार गठ्ठा हाती देण्यापेक्षा बांधविणे श्रेयस्कर. कारण दहा सुट्या वस्तू आणि दहाचा एक गट ही एकाच समूहाची दोन रूपे आहेत, ही जाणीव बांधण्या-सोडण्याच्या कृतीतून येते. मॉन्टेसोरी पद्धतीतील सोनेरी मणी आणि झोल्टान डीनेश यांचे दशमान ठोकळे यांमागील तत्त्व हेच आहे. खेड्यातील शाळेत तूरकाठ्यांचे तुकडेही तेच काम करतात.

परंतु केवळ गठ्ठे बांधल्याने स्थानिक किंमत कळते असे मानणे चुकीचे ठरेल. दहाचा गठ्ठा डावीकडे ठेवला काय किंवा उजवीकडे ठेवला काय, तो दहाचाच राहतो. त्याची किंमत त्याच्या अंगी असते. अंकाचे तसे नाही. म्हणून दुसऱ्या टप्प्यात जमिनीवर खडूने ‘दशक’ व ‘एकक’ असे रकाने आखून गठ्ठे व सुट्या काड्या आपापल्या रकान्यात ठेवाव्यात. तिसऱ्या टप्प्यात गठ्ठ्याऐवजी एक चिंचोका ठेवावा. दोन्ही रकान्यांत सारखेच चिंचोके असता डावीकडचा दहा का मानावयाचा, या प्रश्नाचे उत्तर ‘जागेमुळे’ असे मुलाने स्वतः दिले म्हणजे मुख्य पायरी ओलांडली गेली. रिकाम्या रकान्याखाली ० का लिहावयाचे, हेही येथेच उमगते. ३०५ मधील शून्य काढले तर ३ शतकस्थान सोडून दशकस्थानी येतील.

नावांचा उलगडा याच मांडणीवर करावा. शिक्षकाने ‘बाहत्तर’ म्हणताच मुलाने सात गठ्ठे डावीकडे व दोन काड्या उजवीकडे ठेवाव्यात, ‘सत्तर आणि दोन, बाहत्तर’ असे म्हणावे व त्यानंतरच अंक लिहावेत. ‘एकोणतीस’साठी तीन गठ्ठे मांडून त्यांतील एक सोडावा व एक काडी काढून घ्यावी. उरतात दोन गठ्ठे व नऊ काड्या. नावातील तीस कोठे गेले आणि लेखनातील २ कोठून आले, हे मुलाला डोळ्यांनी दिसते.

‘हातचा’ या शब्दाचा अर्थही असाच प्रत्यक्ष होतो. २७ व ३५ यांची बेरीज करताना बारा सुट्या काड्या होतात. त्यांतील दहांचा गठ्ठा बांधून दशकाच्या रकान्यात द्यावयाचा, म्हणजे सहा गठ्ठे व दोन काड्या, ६२. उलट ५२ मधून २७ वजा करताना एक गठ्ठा सोडून बारा सुट्या कराव्या लागतात; उरतात २५. हा व्यवहार हाताने न करता ‘एक हातचा’ एवढेच शिकलेल्या मुलाला तो एक म्हणजे वास्तविक दहा आहेत, हे कित्येकदा उमगतच नाही.

याच अडचणीवर भाषेच्या बाजूनेही उपाय सुचविले गेले आहेत. नॉर्वेत १९५१ साली अधिकृत निर्णयाने संख्यानामांचा क्रम बदलून दशक आधी घेण्यात आला. तरीही जुनी रीत लोकांच्या बोलण्यात पुढे दीर्घकाळ टिकून राहिली. महाराष्ट्रात २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘सत्तर दोन’ अशा धर्तीची नावे आली, तेव्हा मोठा वाद झाला. एका पक्षाला मुलांची अडचण दिसत होती, दुसऱ्याला भाषेचा वारसा. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मात्र त्यांपैकी एकच निवडावी लागते असे नाही. ‘सत्तर आणि दोन’ हे संख्येच्या रचनेचे वर्णन आहे, ‘बाहत्तर’ हे तिचे नाव आहे. बाजारात, घरात व हिशेबात मुलाला नाव लागणारच. पण वर्णनावाचून ते पोकळ राहते.

यावरून अध्यापनाचा क्रम निश्चित करता येतो : प्रथम समूह, मग त्याचे वर्णन, मग रूढ नाव आणि शेवटी अंक. ७२ चे २७ लिहिणाऱ्या मुलाला मंद ठरविण्यापूर्वी त्याच्यापुढे काड्या ठेवून बाहत्तर मांडावयास सांगावे. सात गठ्ठे व दोन काड्या त्याने अचूक मांडल्या, तर त्याला संख्या कळली आहे, केवळ लेखनाचा क्रम सांगावयाचा राहिला आहे. त्याने बाहत्तर सुट्या काड्या मोजावयास घेतल्या, तर मात्र गठ्ठे बांधण्यापासून पुन्हा आरंभ करावयास हवा. वहीतील चूक दोन्ही वेळी एकच दिसते. उपाय मात्र भिन्न आहेत, आणि ते कोणते हे लाल शाईची फुली सांगू शकत नाही.