मौद्याची कोठी आणि हवेतलं पाणी

ऑगस्टात मौद्यात पापड तळून ताटलीत ठेवला आणि दारात आलेल्या माणसाशी चार शब्द बोलून परतलं, तर पापडाचं कातडं झालेलं असतं. तोच पापड मे महिन्यात तळून दिवसभर उघडा ठेवा, संध्याकाळी कुडकुडीतच मोडेल. नागपूरकडच्या हवेत मेमधल्या दुपारी सापेक्ष आर्द्रता साधारण 20 ते 25 टक्के असते. ऑगस्टात ती 80च्या आसपास घुटमळते. पापडाचं जे होतं तेच गव्हाचं, तुरीचं आणि मिरचीचं होतं, फक्त सावकाश. धान्य हवेतलं पाणी घेतं, हवेला परत देतं आणि शेवटी दोघांचा समतोल ठरतो. हवेत 70 टक्के आर्द्रता असेल तर गहू-तांदूळ साधारण 13-14 टक्के ओलाव्यावर स्थिरावतात. आर्द्रता 85वर गेली की दाण्यातला ओलावा 16च्या पुढे सरकतो आणि तिथून बुरशीचा कारभार सुरू होतो.

कन्हान नदीकाठच्या या तालुक्यात पेंचच्या कालव्याचं पाणी, बांधीतलं धान, धुऱ्यावरची तूर आणि मिरचीची वाडी हे सगळं एका गावशिवारात सापडतं. त्यामुळे शाकाहारी घराची वर्षभराची कोठी इथे बरीचशी घरच्या नाहीतर शेजारच्या मालावर भरता येते. मात्र हल्ली एप्रिल-मेमध्ये एकदाच गाडी करून सगळा किराणा आणायचा आणि वर्षाची चिंता मिटवायची, अशी पद्धत पडली आहे. सोयीची आहे, पण विज्ञानाच्या कसोटीवर कच्ची. जुनी रीत टप्प्याटप्प्याने भरण्याची होती. जी वस्तू ज्या महिन्यात सर्वांत कोरडी आणि सर्वांत निरोगी असेल, ती त्या महिन्यात घरात यायची.

सुरुवात धानाने. दिवाळीच्या आगेमागे कापणी होते, कडपा शेतात वाळतात, मळणी होते आणि धान ढोलीत जातं. यातला शहाणपणा असा की साठवायचं ते धान, तांदूळ नव्हे. तांदळातल्या सोंड्याला अखंड टरफल भेदता येत नाही. टरफल फुटलेले दाणेच त्याला सापडतात. शिवाय टरफल काढलं की कोंड्याचा थर उघडा पडतो. त्या थरात तेल असतं आणि ते तेल फोडणारं विकरही असतं. दोघांची गाठ पडली की काही महिन्यांत खवट वास येतो. म्हणून हातसडीचा किंवा कमी पॉलिशचा तांदूळ खाणाऱ्यांनी महिन्या-दोन महिन्यांचं धान गिरणीवर न्यावं, बाकीचं टरफलातच राहू द्यावं. धान जुनं झालं की भात मोकळा होतो, हा अनुभवही खरा आहे. साठवणीत दाण्यातल्या प्रथिनांचे आपसांतले बंध घट्ट होतात, शिजताना दाणा जास्त पाणी पितो पण फुटून चिकट होत नाही. कडपा अवकाळी पावसात भिजलेल्या असतील तर मात्र ते धान साठवणीला ठेवू नये. वरून वाळलेलं दिसलं तरी आत बुरशीने बस्तान मांडलेलं असू शकतं.

ढोली बांबूची, शेणमातीने लिंपलेली. मातीचा थर ओलावा सावकाश घेतो आणि सावकाश सोडतो, त्यामुळे बाहेरच्या हवेचे झटके आतल्या दाण्याला कमी बसतात. तिच्याखाली दगड किंवा फळ्या असतात, कारण जमिनीतला ओलावा वर चढतो. पत्र्याची कोठी आली आणि उंदरांचा प्रश्न सुटला. पण पत्रा ओलावा शोषत नाही. उन्हातून आणलेलं गरम धान्य तसंच कोठीत ओतलं, तर रात्री पत्रा थंड झाल्यावर आतल्या बाजूला दव धरतं आणि कडेचं धान्य चिकटतं. धान्य निवल्यावर भरायचं, ते एवढ्यासाठी.

जानेवारी-फेब्रुवारीत तूर येते, आणि माझ्या मते वर्षाच्या कोठीतलं सगळ्यांत महत्त्वाचं काम तेव्हाचं असतं. कडधान्याचा भुंगा कोठीत जन्मतो असा आपला समज. प्रत्यक्षात त्याची मादी शेतातच, पिकत आलेल्या शेंगांवर अंडी घालते. कोठीत मग ती गुळगुळीत दाण्यावर अंडी चिकटवते. हाताच्या तळव्यावर तूर घेऊन उजेडात पाहिलं तर पांढऱ्या ठिपक्यांसारखी ती दिसतात. अळी अंड्यातून निघते ती थेट दाण्यात शिरते, आतच खाते, आतच कोष करते आणि गोल भोक पाडून भुंगा होऊनच बाहेर पडते. तिशीच्या तापमानाला हे सगळं महिन्याभरात आटोपतं. फेब्रुवारीत भरलेली तूर राखीपौर्णिमेला उघडेपर्यंत पाच-सहा पिढ्या होऊन गेलेल्या असतात.

आता घरची डाळ करण्याची रीत पाहा. तुरीला तेलाचा हात लावायचा, पाण्याचा हबका मारून रात्रभर झाकून ठेवायची, मग दोन-चार दिवस कडक उन्हात वाळवायची आणि जात्यावर भरडायची. टरफल आणि दलांच्या मधे डिंकासारखा थर असतो. पाण्याने तो फुगतो, उन्हाने सुकून सुटतो आणि दल आकसून टरफलापासून वेगळं होतं. मग जात्याच्या एका फेऱ्यात दोन्ही दलं स्वच्छ निघतात. हे झालं डाळीचं. पण त्याच वेळी तेलाने अंड्यांचा श्वास कोंडला गेला, उन्हाने दाण्यातली अळी भाजली आणि भुंग्याला अंडी घालायला हवा असलेला अखंड गुळगुळीत दाणाच उरला नाही. डाळीवर त्याची पैदास फारशी तग धरत नाही. नंतर नीट पाखडून, चाळून चुणी गुरांना घालायची हेही महत्त्वाचं, कारण भुकटीवर जगणारा तांबडा भुंगेरा वेगळाच असतो आणि त्याला चुरा लागतो. एका जात्याभोवती कीडनियंत्रणाचे चार उपाय एकत्र आले आहेत. कोणी ते तसे मोजले नाहीत, एवढंच.

उन्हाची ताकद प्रयोगशाळेतही तपासली गेली आहे. चवळीला, म्हणजे आपल्या बरबटीला, लागणाऱ्या भुंग्याच्या सर्व अवस्था 57 अंश सेल्सिअसला तासाभरात मरतात, असं अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांसाठी काम करताना दाखवलं. नागपूरच्या पाऱ्याने 2013च्या मे महिन्यात 47.9 अंश गाठले होते. एरवीही मेमध्ये तो 42-43च्या पुढेमागे असतो. काळ्या ताडपत्रीवर पातळ पसरून वरून पारदर्शक प्लास्टिक झाकलं तर कडधान्य साठी गाठू शकतं. मात्र पेरणीचं बियाणं असं भाजू नये, आणि तांदळाला कडक ऊन दाखवू नये. तो तडकतो, मग भातात नुसते तुकडे.

धानाच्या बांधीत ओल असतानाच फेकलेली लाखोळी आणि जवस हाही याच भागातला कोठीचा माल. जवसातलं ओमेगा-3 तेल हवेशी चटकन संयोग पावतं, म्हणून जवस अख्खे ठेवावेत, चटणी आठवड्यापुरतीच कुटावी. लाखोळीबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. तिच्यातल्या एका विषारी अमिनो आम्लामुळे, ती महिनोन्महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पायांचा कायमचा लुळेपणा येतो. 1961 मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली ती यामुळे. पुढे रतन, महातिवडा यांसारखे कमी विषाचे वाण निघाले. गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकल्यानेही विष बरंच कमी होतं. तरीही ती तुरीच्या जागी रोजची डाळ करू नये.

मिरचीचा हंगाम थंडीत सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो. मौदा, कुही, भिवापूर हा सारा मिरचीचा मुलूख. भिवापुरीला तर भौगोलिक मानांकनही आहे. सातऱ्यांवर बाया दिवसभर देठ खुडत बसलेल्या दिसतात. घेताना मिरची कानाशी हलवावी. बी खुळखुळलं तर वाळली आहे. वाकली पण मोडली नाही तर आत पाणी आहे. अशा मिरचीत अस्परजिलस बुरशी अफ्लाटॉक्सिन तयार करते आणि ते फोडणीच्या उष्णतेलाही दाद देत नाही. 1974 मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात पावसात भिजलेला मका खाऊन 106 माणसं दगावली, ती याच विषाने. तेव्हा बुरशी पुसून, वाळवून वापरणं ही काटकसर होत नाही. तिखट वर्षाचं एकदम कुटू नये. तांबडा रंग उजेडाने आणि हवेने उडतो. मिरची अख्खी ठेवावी आणि तिमाहीपुरतं दळावं.

मार्च-एप्रिलमध्ये गहू, हरभरा, चिंच आणि मग वाळवणं. मूगवडी, बरबटीची वडी लहानच घालतात. मोठी घातली तर वरचं कवच आधी कडक होतं, आतलं पाणी कोंडतं आणि वडी पावसाळ्यात आतून काळी पडते. सूक्ष्मजीवांना पदार्थात किती पाणी आहे यापेक्षा त्यांच्या वाट्याला किती मोकळं पाणी येतं याच्याशी कर्तव्य. शुद्ध पाण्याला 1 धरलं तर 0.9च्या खाली बहुतेक जिवाणू थांबतात, 0.65च्या खाली बुरशाही जवळपास थंडावतात. वडी ऊन देऊन तिथे पोचते. लोणचं मीठ घालून त्या वाटेने बरंच पुढे जातं, उरलेलं काम आंबटपणा आणि वरचं तेल करतं.

आता किती भरायचं? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीत 2000 कॅलरींच्या ताटासाठी रोज 250 ग्रॅम धान्यं आणि 85 ग्रॅम कडधान्यं-डाळी आहेत. चार माणसांच्या घराला वर्षाला 365 किलो धान्य आणि सुमारे 124 किलो डाळी. धान्याचा आकडा कोणाला दचकवत नाही, डाळीचा दचकवतो. तांदूळ-गव्हात लायसिन हे अमिनो आम्ल कमी आणि डाळीत भरपूर, म्हणून शाकाहारी ताटाची भिस्त डाळीवर. बी12 जीवनसत्त्व मात्र कुठल्याच ढोलीत भरता येत नाही. त्यासाठी दूध-दही रोजचंच.

कीड लागू नये म्हणून राख चालते. तिच्या कणांनी किड्याच्या अंगावरचा मेणाचा थर खरवडला जातो आणि तो पाण्याविना सुकतो. राख चुलीतली, गोवरीची हवी. मौद्यात औष्णिक वीज केंद्र आहे म्हणून कोळशाची राख धान्यात नको, तिच्यात जड धातू असतात. हवाबंद पिशव्या किंवा घट्ट झाकणाचे पिंप उत्तम. आतले किडे स्वतःच प्राणवायू संपवतात आणि थंड पडतात, फक्त धान्य आधी पुरतं कोरडं हवं आणि झाकण सारखं उघडायचं नाही. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या मात्र राहत्या घरात कधीही ठेवू नका. त्यातून निघणारा फॉस्फीन वायू किडा आणि माणूस यांत फरक करत नाही.

टप्प्याटप्प्याने कोठी भरायला पहिल्यांदाच घेत असाल, तर गव्हाच्या पोत्यापासून सुरुवात करू नका. गहू बाजारात वर्षभर मिळतो आणि घरातही बरा टिकतो. जानेवारी-फेब्रुवारीत 30 किलो तूर घ्या, तेलाचा हात लावा, उन्हं द्या आणि मृगाचा पाऊस पडायच्या आधी तिची डाळ करून घट्ट झाकणाच्या पिंपात भरून टाका.