एक लस, दोन निकाल

२०१३ साली पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची फ्लूची लस दोन देशांतल्या लहान मुलांच्या नाकात फवारली गेली. बांगलादेशात तिने लसीशी जुळणाऱ्या विषाणूंपासून सुमारे ५८ टक्के संरक्षण दिलं. सेनेगलमध्ये शून्य!

या लसीची गोष्ट त्याआधी पुण्यातच सुरू झाली होती. ऑगस्ट २००९मध्ये देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात नोंदवला गेला. वर्ष उलटायच्या आत, जुलै २०१०मध्ये, सीरमची ‘नेझोव्हॅक’ बाजारात आली. तिच्यात जिवंत, पण मवाळ केलेला विषाणू असतो. त्याचं मूळ वाण रशियन शास्त्रज्ञांनी कमी तापमानात पुन्हा पुन्हा वाढवून घडवलेलं. नाकातल्या गारव्यात तो तग धरतो, फुप्फुसांच्या उबेत त्याची वाढ खुंटते.

दंडात टोचलेल्या लसीची प्रतिपिंडं मुख्यतः रक्तात फिरतात आणि आजार बळावू देत नाहीत. विषाणू मात्र शिरतो नाकातून. तिथल्या ओल्या अस्तरावर त्याला अडवायला आयजीए ही वेगळी प्रतिपिंडं आणि तिथेच मुक्काम ठोकलेल्या टी पेशी लागतात.

मुंबईच्या वरळी कोळीवाड्यात हा फरक पुस्तकी राहत नाही. मार्च २०२०च्या अखेरीस कोविडमुळे हे गावठाण सील झालं, तेव्हा खांद्याला खांदा लागणाऱ्या गल्ल्यांत अंतर ठेवायचं तरी कसं? अशा वस्तीत लस घेतलेला स्वतः वाचला एवढ्याने भागत नाही. त्याच्या शिंकेतून शेजारच्या आजीला लागण होता कामा नये.

फ्लूचा विषाणू आपल्या हिमॅग्लुटिनिन प्रथिनाचा माथा सतत बदलतो, म्हणून लसही दरवर्षी नव्याने जुळवावी लागते. त्या प्रथिनाचा देठ आणि विषाणूच्या आतली प्रथिनं मात्र फारशी बदलत नाहीत. सर्वसमावेशक लस शोधणाऱ्यांचा नेम तिथेच आहे. जिवंत विषाणू आतलं सगळंच शरीराला दाखवतो, त्यामुळे नाकाचा मार्ग त्यांना मोहात पाडतो.

पण लसीचा विषाणू नाकात रुजला तर! गांबियात सीरमच्याच लसीतला एच१एन१ घटक बदलून नवा घातला, तेव्हा तो मुलांच्या नाकात जास्त वाढला आणि प्रतिकारही सुधारला. मोठ्यांमध्ये आधीचीच प्रतिकारशक्ती बऱ्याचदा लसीला रुजू देत नाही. अमेरिकेत नाकातून द्यायच्या ‘फ्लूमिस्ट’ लसीला परवानगी २ ते ४९ वर्षांपर्यंतच आहे. शिवाय मोजमाप अडतं. रक्तात प्रतिपिंडं जेमतेम दिसूनही मूल सुरक्षित असू शकतं. म्हणून नुसत्या रक्ततपासणीवर निकाल देता येत नाही. मोठ्या संख्येने मुलं घेऊन आख्खा फ्लूचा हंगाम त्यांच्यावर नजर ठेवावी लागते.