नोकरदार घरातील रात्रीचे जेवण : एका आठवड्याची आखणी

मुंबईत घरातील सर्व माणसे एकत्र बसतात ती बहुधा रात्रीच्या जेवणालाच. सकाळी जो तो आपापला डबा घेऊन आपापल्या वेळेला बाहेर पडतो. शिवाजी पार्क, दादर, माहीम या परिसरात ही धावपळ रोजची आहे. संध्याकाळी मुले मैदानावर सरावाला नाहीतर क्लासला गेलेली असतात. घरातील एकजण साडेसहाला येतो, दुसरा साडेआठला. अशा घरात रोज सायंकाळी एकच प्रश्न उभा राहतो : "आज काय करायचे?" त्याचे उत्तर शोधण्याचे काम बहुतेक घरांत एकट्या स्त्रीकडेच असते.

थोडा विचार केला तर असे दिसते की, स्वयंपाकाचा खरा शीण शेगडीपुढे उभे राहण्याचा नसतो. कुकर लावायला दहा मिनिटे पुरतात. शीण असतो तो रोज नव्याने ठरविण्याचा, ऐनवेळी बाजारात धावण्याचा, निवडण्या-चिरण्याचा आणि हे सर्व एकटीने करण्याचा. लोकलच्या महिला डब्यात बसून मांडीवर मेथी निवडणाऱ्या, शेंगा सोलणाऱ्या भगिनी आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. आठवड्याची आखणी आधीच केली आणि कामे वाटून घेतली तर हा शीण बराच हलका होतो. ते कसे करावे, याचा विचार या लेखात केला आहे.

खानावळीने दिलेला धडा

ही कल्पना नवीन नाही. आपल्या शेजारच्या गिरणगावात, म्हणजे लालबाग-परळ भागात, ती अनेक दशके चालत होती. कोकण व घाटावरून आलेले हजारो गिरणी कामगार कुटुंब गावी ठेवून एकेका खोलीत दाटीवाटीने राहत. त्यांना जेवू घालण्याचे काम खानावळवाल्या बायकांनी केले. गिरण्या तीन पाळ्यांत चालत, त्यामुळे पाळी सुटण्याच्या वेळेला जेवण तयार असावे लागे. छोटीशी खोली, एक-दोन स्टोव्ह आणि अनेक ताटे. एवढ्या साधनांत वेळ पाळणे त्यांना जमले, कारण कोणत्या दिवशी कोणती भाजी हे आधीच ठरलेले असे आणि किराणा एकदम भरलेला असे.

या स्त्रियांच्या कष्टांना मोल मिळावे म्हणून गोवा मुक्तिसंग्रामातील कार्यकर्त्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. खानावळवाल्यांची सावकारी व्याजातून सुटका व्हावी म्हणून त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर हळूहळू गिरण्या बंद होत गेल्या व खानावळीही ओसरल्या. परंतु त्यांची शिस्त आपल्या घरात आजही उपयोगी पडेल. वार ठरवा, खरेदी एकदम करा, वेळ पाळा, एवढेच तिचे सार आहे.

रविवारचा एक तास

आखणीचा पाया रविवारी घालावा. सर्वांनी मिळून एक ते दीड तास दिला तरी पुरेसा आहे. त्यात पुढील कामे उरकून घ्यावीत :

१) सात दिवसांचे वार आणि पदार्थ एका कागदावर लिहून तो स्वयंपाकघरात लावावा. म्हणजे घरी जो आधी येईल त्याला विचारावे लागत नाही.
२) कांदा-खोबरे भाजून त्याचे घट्ट वाटण करावे व डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवावे. तीन-चार दिवसांत संपेल एवढेच खाली ठेवून उरलेले बर्फाच्या कप्प्यात ठेवावे.
३) लसूण सोलून ठेवावी, दाण्याचे कूट करून ठेवावे.
४) पालेभाजी निवडून, न धुता, कागदात गुंडाळून ठेवावी. धुतलेली पालेभाजी लवकर सडते.
५) रात्री झोपताना दीड वाटी मटकी भिजत घालावी.

मसाल्याची चिंता तर आपल्याकडे वर्षातून एकदाच असते. एप्रिल-मे महिन्यात लालबागच्या मिरची गल्लीतून मिरच्या आणून मसाला कांडून घेतला की वर्षभराची सोय होते. रोजची आमटी झटपट होते ती या मसाल्यामुळेच.

सात रात्री

खालील प्रमाण चार माणसांसाठी आहे.

सोमवार : मुगाची खिचडी. दीड वाटी तांदूळ, पाऊण वाटी मूगडाळ, सात-आठ वाट्या पाणी, हळद, मीठ. कुकरच्या तीन-चार शिट्ट्या. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळते, तर कुकरमध्ये वाफ कोंडल्यामुळे तापमान १२० अंशांच्या जवळपास जाते. म्हणून वेळ व गॅस दोन्ही वाचतात. डाळ आणि तांदूळ एकत्र आले की एकातील प्रथिनांची उणीव दुसरा भरून काढतो. सोबत भाजलेला पापड व लोणचे.

मंगळवार : मटकीची उसळ व पोळी. रविवारी भिजवलेली मटकी सोमवारी सकाळी उपसून फडक्यात बांधली की मंगळवारपर्यंत मोड येतात. उन्हाळ्यात मोड लवकर येतात, तेव्हा ती मंगळवारी सकाळीच फ्रीजमध्ये ठेवावी. मोड आल्याने कडधान्य पचायला सोपे होते. वरून लिंबू पिळावे, म्हणजे त्यातील लोह अंगी अधिक लागते.

बुधवार : मासे. घरी येताना सिटीलाइटजवळच्या गोपी टँक मंडईतून किंवा दादरहून बोंबील अथवा मांदेली आणावी व तेथेच साफ करून घ्यावी. लहान मासळी दहा मिनिटांत शिजते, म्हणून कामाच्या दिवशी तीच सोयीची. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा सुकट किंवा सुके बोंबील बटाटा-वांग्यात घालावेत. ज्यांना मासे चालत नाहीत त्यांनी दादर स्टेशनबाहेर मिळणाऱ्या सोललेल्या डाळिंब्या आणाव्यात. त्यात सोलण्याचा अर्धा तास वाचतो.

गुरुवार : पिठले-भाकरी. एक वाटी बेसन, तीन वाट्या पाणी, फोडणीला लसूण-मिरची. पंधरा मिनिटांचे काम. भाकरी जमत नसेल तर भात करावा. सोबत निवडून ठेवलेल्या पालेभाजीची साधी भाजी.

शुक्रवार : अंड्याचा रस्सा. बर्फाच्या कप्प्यातील वाटण सकाळी खाली काढून ठेवावे. सहा अंडी उकडून घ्यावीत. वाटण व मसाला तेलात परतून पाणी घालावे, उकळी आली की अंडी सोडावीत. सोबत भात किंवा पाव.

शनिवार : थालीपीठ. आठवड्यात उरलेली गाजर, कोबी, दुधी, मेथी जे असेल ते बारीक चिरून भाजणीत किंवा ज्वारी-बेसनाच्या मिश्र पिठात घालावे. सोबत दही. भाजी वाया जात नाही व फ्रीज नव्या खरेदीसाठी रिकामा होतो.

रविवार : दुपारी मटण, चिकन किंवा जे आवडीचे असेल ते निगुतीने करावे. रात्री त्याच रश्श्यासोबत गरम भात. रविवारी संध्याकाळी स्वयंपाकघराला शक्यतो सुट्टी असावी.

काही सावधगिरी

शिजवलेला भात दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये. भातात तग धरून राहणारे काही जिवाणू उबेत वाढतात आणि त्यांचे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून उरलेला भात पसरट भांड्यात लवकर थंड करून फ्रीजमध्ये ठेवावा व दुसऱ्या दिवशी संपवावा. दुपारचा रस्साही लगेच फ्रीजमध्ये ठेवून रात्री खळखळून उकळावा. ज्यांच्याकडे फ्रीज नाही त्यांनी ओले वाटण साठवू नये. त्याऐवजी सुके खोबरे भाजून कुटून ठेवावे. ते बाहेरही टिकते.

काम कोणाचे?

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. भारत सरकारने २०१९ साली केलेल्या वेळवापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे जवळजवळ पाच तास खर्च करतात. घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे देतात. शिवाय घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात सव्वीसच आढळले. दोघेही नोकरी करीत असताना एकाने येऊन पंख्याखाली बसावे आणि दुसरीने पदर खोचावा, यात कसली समता? घराबाहेर समतेचा आग्रह धरणाऱ्यांनी तिची सुरुवात स्वयंपाकघरातून करावयास हवी.

भिंतीवरील कागदाचा खरा उपयोग येथे आहे. पदार्थापुढे माणसाचे नावही लिहावे. खिचडी आणि अंड्याचा रस्सा पुरुषांना सहज जमतो. दहा-बारा वर्षांची मुले लसूण सोलणे, ताटे-पाणी घेणे, डबे आवरणे करू शकतात. मुलगा आणि मुलगी असा भेद त्यात ठेवू नये. भांडी घासण्याची पाळीही लावावी. जेवण करणाराच भांडी घासणार नाही, एवढा नियम पुरे.

आखणी मोडेल अशा वेळाही येतात. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात चैत्यभूमीवर येणारे गावाकडचे नातेवाईक आपल्या घरी उतरतात आणि चार माणसांच्या जागी बारा होतात. अशा वेळी सोमवार व गुरुवार कामी येतात. खिचडी आणि पिठले हे दोनच पदार्थ असे की पाणी आणि पीठ वाढवले की ताटे वाढतात, आणि आलेल्या माणसाला संकोच वाटत नाही. तेवढी डाळ, तांदूळ व बेसन नोव्हेंबरअखेर भरून ठेवावे.

सुरुवातीला सातही दिवस जमतील असे नाही. पहिल्या आठवड्यात तीनच वार पाळावेत, पुढे वाढवावेत. रात्री साडेनऊला सर्वांची ताटे एकाच वेळी वाढली गेली आणि वाढणारी बाईही त्याच पंगतीला बसली, तर आखणी यशस्वी झाली असे समजावे.