पडद्यावरचे खेळ (भाग १४) : शिक्का नसलेली कॅसेट

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेल्या 'राजी'वर या आठवड्यात लिहायचं कबूल केलं होतं. ते आता पुढच्या आठवड्यात. मधेच एका वाचकांचा प्रश्न आला आणि तो बाजूला सारून पुढे जाववेना. हे गृहस्थ इथे मेहकरातच कृषी सेवा केंद्र चालवतात. त्यांचं म्हणणं असं : "फोनवर फुकटातल्या टुकार गेमचा सुळसुळाट झालाय, हे मान्य. पण ज्याला नको त्यानं घेऊ नये. त्यात चांगला गेम करणाऱ्याचं काय बिघडतं?"

याचं उत्तर त्यांच्याच दुकानात आहे. सोयाबीनची पिशवी फोडून दाणे तळहातावर घेतले, तरी बोगस कुठलं आणि अस्सल कुठलं हे नजरेला कळत नाही. कळतं ते पेरल्यानंतर. २०२० च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन उगवलं नाही म्हणून तक्रारींचा पाऊस पडला, कित्येकांवर दुबार पेरणीची वेळ आली. असा फटका बसलेला माणूस नंतर एकाच कंपनीवर रागावून थांबत नाही, प्रत्येक पिशवीकडे संशयानं बघतो. मग चार पैसे जास्त खर्चून खरंच चांगलं बियाणं तयार करणाऱ्याला ते चार पैसे देणार कोण? जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचं उदाहरण घेऊन हेच मांडलं आणि २००१ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. माल पारखता येत नसेल, तर वाईट माल चांगल्याला बाजारातून हुसकावतो. गेमही खेळून पाहिल्याशिवाय कळत नाही.

हे सगळं प्रत्यक्षात घडलं ते अमेरिकेत, १९८३ साली. अटारी कंपनीच्या गेम खेळायच्या यंत्रासाठी बाहेरच्या कुणीही कॅसेट काढावी, अशी परिस्थिती तेव्हा झाली होती. ओट्स विकणाऱ्या क्वेकरनं गेमची कंपनी घेतली. कुत्र्यांचं खाद्य बनवणाऱ्या प्युरिनानं 'चेस द चक वॅगन' नावाचा गेम काढला. खुद्द अटारीनं १९८२ च्या नाताळसाठी 'ई.टी.' जेमतेम पाच आठवड्यांत लिहून घेतला. तो लिहिणारा हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ हुशार माणूस होता, त्याचा आधीचा 'यार्स रिव्हेंज' आजही नावाजला जातो. पण पाच आठवड्यांत कुणी काय करणार? न खपलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरल्या गेल्या. २०१४ साली तो डेपो उकरला, तेव्हा त्या खरोखरच निघाल्या.

पुरलेल्या कॅसेटींची गोष्ट सगळे सांगतात. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुकानातली टोपली. बुडालेल्या कंपन्यांचा माल दुकानदार पाच-पाच डॉलरला फुंकत होते आणि त्याच फळीवर वर्षभर राबून केलेला गेम तीस-पस्तीस डॉलरला मांडलेला होता. मुलासाठी काहीतरी घ्यायला आलेल्या आईला दोन्ही डबे सारखेच. ती टोपलीतला उचलणार. चांगला गेम टोपलीतल्या किमतीपाशी हरला, आणि अमेरिकेतला घरगुती व्हिडिओ गेमचा धंदा दोनेक वर्षांत जवळजवळ बसला.

निन्टेन्डोनं १९८५ साली तिथे आपलं यंत्र आणलं ते दाराला कुलूप लावूनच. यंत्रात एक चिप होती, कॅसेटमध्ये तिची जोडीदार. दोघींची ओळख पटली तरच गेम चालायचा. डब्यावर सोनेरी शिक्का. एका प्रकाशकानं वर्षाला पाचच गेम काढायचे, असाही दंडक. हे जाचक होतंच. कोनामीनं पाचाची मर्यादा ओलांडण्यासाठी 'अल्ट्रा गेम्स' नावाची दुसरी पाटी लावली. पण गिऱ्हाइकाचा विश्वास परतला.

आता मेहकरकडे येतो, कारण हा शिक्का आपल्यापर्यंत कधी पोहोचलाच नाही. नव्वदीत आपल्याकडे टीव्हीला जोडायचे जे 'व्हिडिओ गेम' आले, ते निन्टेन्डोच्याच जपानी फॅमिकॉम यंत्राच्या नकला होत्या आणि जपानी यंत्रात ती कुलपाची चिप मुळातच नव्हती. अमेरिकी कॅसेटला ७२ पिना, जपानीला ६०. आपली पिवळी कॅसेट साठ पिनांची, तिला कुणी ओळख विचारणारंच नव्हतं. ती हातात घेतलेल्यांना आठवत असेल : वरच्या स्टिकरवर बंदूकधारी दोघं, कोपऱ्यात मारिओ, आणि मोठ्या अक्षरांत '९९,९९,९९९ इन १'. चालू केली की यादी यायची. पहिल्या पानावर कॉन्ट्रा, मारिओ, बदकांची शिकार, रणगाड्यांची बॅटल सिटी, रोड फायटर. पुढची पानं उलटत गेलं की तोच मारिओ वेगळ्या नावानं, तिसऱ्या टप्प्यापासून सुरू होणारा. तोच कॉन्ट्रा, पण तीस जीव असलेला. चित्र आलं नाही तर कॅसेट काढून फुंकर मारायची आणि परत खोचायची.

त्या कॅसेटनं आपल्याला अपार आनंद दिला, हे मी ठासून सांगेन. कॉन्ट्रा आणि मारिओ जगातले उत्तम गेम होते आणि एरवी ते या गावापर्यंत आलेच नसते. पण त्यातला एक पैसाही कॉन्ट्रा करणाऱ्या कोनामीला गेला नाही, आणि गेम कोणीतरी करतो, त्याला नाव असतं, हे त्या स्टिकरवरून कधी कळलं नाही. गेम म्हणजे हजारांनी मिळणारी, मालक नसलेली वस्तू, हा समज आपल्याकडे तेव्हापासूनचा आहे. २०१७ साली 'राजी'साठी लोकवर्गणी मागितली गेली आणि ठरवलेली रक्कम जमली नाही, त्यामागे मला हा समजही दिसतो.

फोनवर आज तीच टोपली आहे, फक्त किंमत शून्यावर आली आहे. तिचं अर्थकारण सांगतो. आठवड्या-दोन आठवड्यांत एक गेम करायचा आणि त्याची जाहिरात थोड्या पैशांत चालवून बघायची. एक खेळाडू ओढून आणायला लागणारा खर्च, तो कंटाळून जाईपर्यंत बघेल त्या जाहिरातींच्या उत्पन्नापेक्षा कमी पडला, तर गेम ठेवायचा. नाहीतर टाकून दुसरा. पॅरिसची वूडू याच पद्धतीवर मोठी झाली. या गेममधल्या जाहिराती बहुतेक अशाच दुसऱ्या गेमच्या असतात. खिळे ओढून राजाला वाचवायचं कोडं दिसतं, बोटाच्या नखाएवढी फुली शोधावी लागते, ती हुकली की थेट प्ले स्टोअर. आणि उतरवलेल्या गेममध्ये ते कोडं औषधालाही नसतं. गार्डनस्केप्स आणि होमस्केप्सच्या अशा जाहिरातींना ब्रिटनच्या जाहिरात नियामकानं २०२० साली दिशाभूल करणाऱ्या ठरवलं. चांगला गेम करणाऱ्याचं बिघडतं ते इथे. त्यालाही लोकांपुढे यायचं तर जाहिरातीची तीच जागा विकत घ्यावी लागते, आणि बोली लावायला समोर हे शेकडो कारखाने उभे असतात.

पण एक गल्लत नको. सोपा, पाच मिनिटांचा गेम म्हणजे टुकार गेम नव्हे. टेट्रिस सोपाच आहे. नोकियावरचा साप सोपाच होता. नवी मुंबईच्या गेमेशनचा लुडो किंग २०१६ साली आला आणि टाळेबंदीत आजी मेहकरात, नातू पुण्यात असा डाव रंगला. ज्यांनी आयुष्यात गेम खेळला नव्हता अशी माणसं त्यानं या छंदात आणली. धंद्याला अशा गेमची गरजच आहे.

याच जागी माझ्या मनात घर करून बसलेलं एक प्रकरण आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये 'थ्रीज' आला. सरकवून आकडे जोडायचे, एवढाच खेळ, पण करणाऱ्यांनी त्यावर चौदा महिने घालवले होते. महिन्याभरात गाब्रिएले चिरुल्ली या एकोणीस वर्षांच्या इटालियन मुलानं शनिवार-रविवारात '२०४८' केला, फुकट ठेवला, आणि जग तोच खेळू लागलं. तो मुलगा दोषी नाही, त्यानं त्यातून पैसा करायचा म्हणून हे केलं नव्हतं. पण त्याच्या मागून नकलांच्या नकला आल्या, आणि अनेकांना 'थ्रीज'च नक्कल वाटू लागला. इतक्या सोप्या गेममागे चौदा महिने असू शकतात, हे बाहेरून दिसत नाही.

मग कुलूप लावावं का? संगणकावरचे गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानानं २०१७ पासून प्रत्येक गेममागे शंभर डॉलर घ्यायला सुरुवात केली. गूगलनं नोव्हेंबर २०२३ नंतरच्या नव्या वैयक्तिक खात्यांना नियम घातला : आधी वीस जणांनी सलग चौदा दिवस गेम तपासायचा. पुढे विसाचे बारा केले. हेतू चांगला आहे, नेम चुकला आहे. कंपनीच्या खात्याला ही अट नाही. म्हणजे महिन्याला चार गेम ओतणारा कारखाना सरळ आत जातो आणि एकट्यानं राबणारा दारात थांबतो. शेगावला इंजिनिअरिंग शिकणारा मेहकरचा एक मुलगा लोणारच्या सरोवरावर कोड्यांचा गेम करतो आहे. मी खेळलोय, रचना सुरेख आहे. त्याला बारापैकी दहा जण मिळालेत. अँड्रॉइड फोन असलेल्या आणि चौदा दिवस गेम न काढता ठेवू शकणाऱ्या दोघांनी मला कळवावं.